तुम्ही विचारलंत म्हणून: जुने बेस पेडल घेता कशाला आणि विकता कशाला

गेल्या आठवड्यात बेळगावच्या टिळकवाडीत एका कार्यक्रमाचं साऊंडचेक चालू होतं, तेव्हा आमच्या कीबोर्डवाल्या पोरानं परत तोच प्रश्न विचारला जो महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. काका, तुम्ही पेडल घेता, चार-सहा महिन्यांत विकता, मग दुसरा घेता, तोही जुनाच, यात तुम्हाला मिळतं काय आणि फसवत नाही का कुणी? ड्रमवाला किक जुळवत होता, ओरडून किती सांगणार, म्हणून आता नीट बसून लिहितो.

पेडल म्हणजे वाद्य आणि अँपच्या मध्ये जोडायचा, पायानं दाबून चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा छोटा डबा. आधी थोडं बेसबद्दल, म्हणजे मी वाजवतो त्या बेस गिटारबद्दल, कारण सगळं तिथून सुरू होतं. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते आणि बेसची ४१ ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. बाजारात जे पेडल मिळतात त्यातले बहुतेक गिटारसाठी केलेले. आता ट्यूब स्क्रीमर घ्या, गिटारवाल्यांचा लाडका, त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज क्लिपिंगला, म्हणजे आवाज फाडणाऱ्या भागाला, कमी कमी पोचेल अशीच रचना आहे, म्हणून गिटार बाकीच्या वाद्यांतून उठून ऐकू येते. बेसला तोच लावला की पोट गेल्यासारखं होतं, नुसता वरचा खरखराट उरतो, आणि ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं एकदम चालू असताना खालून आधार देणारा बेसच गायब. म्हणून बेसच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलमध्ये, मी पहिल्यांदा बघतो ते ब्लेंड नॉब आहे का, म्हणजे मूळ स्वच्छ आवाज आणि फाटलेला आवाज दोन्ही मिसळता येतात का. सॅन्सॅम्पच्या बेस ड्रायव्हरमध्ये तो आहे, एमएक्सआरच्या एम-८० मध्ये आहे, डार्कग्लासच्या बी-थ्री-के मध्ये आहे.

पण ब्लेंड असला तरी तो माझ्या बेसवर, माझ्या बोटांनी, माझ्या अँपमधून कसा लागेल हे व्हिडिओ बघून कळत नाही हो. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर तरी येतो का? बेळगावात वाद्यांची दुकानं आहेत, हार्मोनियम, तबला, गिटार सगळं मिळतं, पण बेसचा पेडल काउंटरवर ठेवून घ्या वाजवून बघा म्हणणारं दुकान मला अजून भेटलेलं नाही. बेंगळुरू एका रात्रीचा प्रवास, मुंबई एका रात्रीचा. नवीन मागवला आणि नाही आवडला तर खोकं उघडल्या क्षणी दोन-तीन हजार उतरले म्हणून समजा. जुना घेतला, चार महिने कार्यक्रमात वाजवला, नाही जमलं, तर जवळपास त्याच भावाला जातो, दोन-चारशे कमी आले तर ते मी भाडं समजतो. मला यातून पैसे कमवायचे नाहीत. मला ऐकायचं असतं, आणि ऐकायचा हा एकच मार्ग मला माझ्या पगारात परवडतो.

आता फसवाफसवीचं. त्यासाठी निपाणीची गोष्ट सांगतो.

निपाणीत एक गृहस्थ आहेत, साठीच्या आसपास, पूर्वी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, आता तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतात. त्यांच्याकडे बॉस कंपनीचा ओसी-टू ऑक्टेव्ह, म्हणजे वाजवलेल्या सुराला खालच्या सप्तकातला सूर जोडणारा पेडल, आहे असं कळलं. हा पेडल १९८२ ला आला आणि २००३ ला बंद झाला, त्यानंतर त्याचे पुढचे अवतार आले पण त्या जुन्याचा जो जाड, जवळजवळ सिंथसारखा आवाज आहे त्यासाठी बेसवाले अजून शोधत फिरतात. मी रविवारी सकाळची बस पकडून गेलो. घरात चहा झाला, मग त्यांनी कपाटातून जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तो तपकिरी डबा काढला. म्हणाले, "अडॅप्टर लावला की लाइट मिणमिणतीय बघा, आवाजबी धड येत न्हाई, गेला बहुतेक. दीड-दोन हजार काय द्यायचं ते द्या आणि घेऊन जावा."

मी अडॅप्टरच्या भोकाजवळचं लेबल बघितलं. एसीए. आता हे ज्याला माहीत आहे त्याला लगेच कळतं. बॉसच्या जुन्या पेडलना एसीए नावाचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागायचा, पेडलच्या आतच ते व्होल्टेज खाली उतरवायची सोय होती. पुढं कंपनीनं पीएसए नावाचा नेमका ९ व्होल्टचा अडॅप्टर आणला आणि पेडलही तसे केले. जुन्या एसीए पेडलला नवा ९ व्होल्टचा अडॅप्टर एकटाच लावला की ते व्होल्टेज आत आणखी उतरतं, पेडल उपाशी राहतो, लाइट मंद होते, आवाज अडखळतो. पेडल बिघडलेला नसतोच. बॅटरी मात्र थेट सर्किटला जाते, तिला ती अडचण नाही.

खिशात नवी ९ व्होल्टची बॅटरी होती, जुना पेडल बघायला जाताना मी ती नेतोच. पुढचा मोठा स्क्रू हातानं सोडवला, बॅटरी जोडली, वायर लावली, पायानं दाबला. लाल लाइट लख्ख. मी ए तारेवर वरच्या बाजूला एक सूर धरला, खालून तो दुसरा सूर असा उठला की स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या.

खोटं नाही सांगत, बॅटरी लावायच्या आधी दहा-पंधरा सेकंद डोक्यात आलं होतं की काही न बोलता दोन हजार ठेवावेत आणि उठावं. मग त्यांना सगळं सांगितलं, लेबल दाखवलं, बाहेर याला काय भाव आहे तेही सांगितलं. ते बराच वेळ नुसतं पेडलकडं बघत बसले, म्हणाले पाच वर्षं मेलाय म्हणून कपाटात ठेवला होता की. शेवटी सात हजारांना ठरलं, आणि निघताना त्यांनी स्वतः मागून बेस घेऊन अर्धा तास वाजवला. त्यांचा हात अजून माझ्यापेक्षा सरळ आहे.

म्हणून विचाराल फसवतात का, तर हो, फसवणारे असतात, पण माझ्या अनुभवात जास्त वेळा विकणाऱ्यालाच माहीत नसतं. चांगला पेडल बिघडला म्हणून विकतात आणि बिघडलेला चांगला म्हणून विकतात. त्यामुळं जाऊन, स्वतः वाजवून बघायचं, आपली बॅटरी आणि आपली वायर घेऊन. बॅटरीचा आणखी एक फायदा असा की विकणाऱ्याच्या घरात अर्थिंग नसेल आणि सगळीकडं हमिंग येत असेल तर ते पेडलचं आहे की घराच्या वायरिंगचं हे कळतं. नॉब सगळे शून्यापासून शेवटापर्यंत हळूहळू फिरवायचे. चर्र चर्र आवाज आला तर घाबरायचं नाही, बऱ्याचदा कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातो, पण एखाद्या जागी आवाज पूर्ण तुटत असेल तर नॉबखालचा पॉट बदलावा लागणार, तेवढे पैसे कमी करून मागायचे. जॅकमध्ये वायर घालून किंचित हलवायची. बॅटरीचा कप्पा उघडून बघायचा, जुनी बॅटरी आत राहून पाझरली असेल तर पांढरी-हिरवी पूड दिसते. आमच्याकडं हे जास्तच, खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथं जॅकचं काय होत असेल. मी पावसाळ्यात पेडल डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. आणि तळाला वेल्क्रो चिकटवलेला असेल तर त्याखाली नंबरचं स्टिकर शाबूत आहे का तेही बघून घ्या.

अडॅप्टरबद्दल मात्र जीव तोडून सांगतो. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. बऱ्याच कीबोर्डचे अडॅप्टर १२ व्होल्टचे आणि मधला भाग पॉझिटिव्ह असे असतात, आणि पिन दिसायला सारखी, बसतेही मस्त. २०१९ च्या गणपतीत स्टेजमागं अंधारात माझ्या हातून तेच झालं. एक बारीक वास आला आणि पेडल गप्प. कार्यक्रम पेडलशिवाय, सरळ वायरनं निभावला. नंतर शहापुरातल्या एका जुन्या रेडिओ रिपेअरवाल्यांकडं नेला, त्यांनी मागची प्लेट उघडून बोट ठेवलं, हा बघा, उलटा करंट आला तर स्वतः मरून बाकीच्यांना वाचवायला ठेवलेला डायोड. दोन-चार रुपयांचा भाग. तो बदलला, पेडल उठला. सगळ्याच पेडलमध्ये असा डायोड असतो असं धरून चालू नका. व्होल्ट आणि पिन जुळलीच पाहिजे, मिलिअँपिअर मात्र अडॅप्टरवर जास्त लिहिले असले तरी चालतात, पेडल त्याला हवे तेवढेच ओढतो.

तो पेडल पुढं मी विकला, आणि विकताना डायोड बदललाय हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मित्र म्हणाले अरे कशाला सांगतोस, चालतोय की. पण मला ते जमत नाही. इथं बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, पलीकडं कोल्हापूर, खाली गोवा, धारवाड-हुबळी, या एवढ्या पट्ट्यात बेस वाजवणारी माणसं असून असून किती असणार? मी विकलेला एन्व्हलप फिल्टर नावाचा एक पेडल धारवाडला गेला, तिथून गोव्याला, आणि दोन वर्षांनी चोर्ला घाट चढून परत माझ्याकडं विकायला आला, नॉबवरची माझीच पांढरी खूण तशीच होती. ज्याला पेडल देतो तो परवा माझ्या शेजारी स्टेजवर उभा असणार आहे.

विकताना मी उजेडात फोटो काढतो, तळाचाही, ओरखडेही. एक मिनिटाचा व्हिडिओ, आधी साधा आवाज मग पेडलचा. आणि स्वभावही लिहितो, कारण स्वभाव आणि बिघाड यात लोकांची गल्लत होते. ओसी-टू एका वेळी एकच सूर ओळखतो, दोन तारा एकदम वाजवल्या की गडबडतो. खालच्या ई तारेवर तर घरघरतोच, ४१ चा अर्धा साडेवीस झाला, तो आवाज कानाच्या अगदी कडेवरचा, अँपचा स्पीकर तरी कुठून काढणार. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी फोन करतो की खराब माल दिला.

फोन निम्मे कन्नडमधून येतात. "लास्ट एष्टु री? कडिमी माड्री", म्हणजे शेवटचा भाव किती, कमी करा, इथपर्यंत माझं कन्नड छान चालतं, पुढं सर्किटवर आलं की दोघंही हिंदी-इंग्रजीत घुसतो आणि काम होतं. चिक्कोडीच्या एका मुलाला फोनवर तासभर कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठा आवाज एकसारखा करणारा पेडल, समजावला होता मी, अर्धा मराठी अर्धा कन्नड, त्यानं घेतला नाही, पण अजून फोन करतो. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला आणि दोन्हीकडच्या बस बंद झाल्या तेव्हा कोल्हापूरचा एक जण माझ्याकडं येणार होता, पैसे आगाऊ देऊन बसला होता. मी म्हटलं परत घे. तो म्हणाला राहू दे, बस चालू झाली की येतो. आला. येताना मिरजेहून माझ्या मुलीसाठी तंबोऱ्याच्या तारा घेऊन आला, मी सहज बोलून गेलो होतो ते त्यानं लक्षात ठेवलेलं.

ऑनलाइन पैशाचं एकच लक्षात ठेवा, पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पेडल न बघता लगेच घेतो म्हणणारा, क्यूआर कोड पाठवून स्कॅन करून पिन टाका म्हणणारा, फोन ठेवून द्या. कुरिअरनं पाठवत असाल तर बॅटरी काढून पाठवा.

ओसी-टू विकणार का असंही त्या पोरानं शेवटी विचारलं. तो नाही. निपाणीच्या काकांना सांगून ठेवलंय की कधी परत हवासा वाटला तर सातच हजारांना तुमचा.

सध्या माझ्याकडं द्यायला एक कोरस आहे, म्हणजे एकाच वाद्याचे दोन-तीन वाजल्यासारखा आवाज करणारा पेडल, बेसचाच. डेप्थचा नॉब सुरुवातीला थोडा खरखरतो, तळाचं एक रबर नाही, खोकं नाही, २०२१ ला एकदा आउटपुट जॅक बदललाय. बाकी आवाज फार गोड, संथ गाण्याला लावून बघा. संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो, अँप जोडलेलाच असतो. बेस आणला नाहीत तरी चालेल, माझा वाजवा.