पॉप-अप कॅम्पर आणि जनरेटर: आधी एसीचं ठरवा

अमेरिकेत पॉप-अप कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचा आणि मुक्कामावर छत उचलून उघडायचा कापडी भिंतींचा ट्रेलर, घेतला की पहिल्याच उन्हाळ्यात प्रश्न येतो: जनरेटर किती वॅटचा घ्यायचा? त्याचं उत्तर कॅम्परच्या छतावर असतं. तिथे एसी आहे का, आणि असला तर तो वीजजोडणी नसलेल्या जागी चालवायचाच आहे का, एवढं ठरवलं की बाकीचे आकडे आपोआप जुळतात.

एसी नको असेल तर पॉप-अपची भूक अगदी माफक असते. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. हीटर जळतो गॅसवर, पण त्याचा पंखा साधारण 3 ते 3.5 अँपिअर ओढतो. थंडीच्या रात्री आठ तासांत तो निम्मा वेळ फिरला, तर 12 ते 14 अँपिअर-तास गेले. कॅम्परच्या पुढच्या दांड्यावर बहुधा ग्रुप 24 ची लेड-ॲसिड बॅटरी असते, 75-80 अँपिअर-तासांची. त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. जुन्या कॅम्परमधले पिवळे बल्ब प्रत्येकी दीड अँपिअर खातात. ते काढून एलईडी लावणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा, जनरेटर घेण्याआधीची. फ्रिज मुक्कामावर गॅसवर ठेवा. 12 व्होल्टवर तो 10 अँपिअरच्या आसपास ओढतो आणि दुपारभरात बॅटरी बसवतो. ती सोय गाडी ओढत असतानाच वापरायची. एवढ्या संसाराला 1000 वॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर (लोडप्रमाणे इंजिनाचा वेग बदलणारा, कमी आवाजाचा) पुरतो.

आता एसी. पॉप-अपवर 13,500 बीटीयूचा (हे गार करण्याच्या क्षमतेचं माप) असेल तर चालू झाल्यावर तो 1300 ते 1500 वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी अडीच-तीन हजार वॅटचा झटका मागतो. होंडा ईयू2200आय या लोकप्रिय जनरेटरच्या नावातला 2200 हा आकडा क्षणिक कमाल आहे. सलग मिळतात 1800. म्हणून नुसत्या ईयू2200आयवर हा एसी घुरघुरतो, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि वीज तुटते. उपाय दोन. एक, एसीमध्ये सॉफ्ट-स्टार्ट, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं छोटं यंत्र, बसवणे. तो सुरुवातीचा झटका निम्म्याहून खाली आणतो. दुसरा, तसलेच दोन जनरेटर समांतर जोडणे. वजन आणि खर्च पाहता पॉप-अपला सॉफ्ट-स्टार्टच शोभतो. छतावर 9,200 बीटीयूचा छोटा एसी असेल तर काम आणखी सोपं. कॅनव्हासच्या भिंतींतून गारवा तसाही गळतो, त्यामुळे भर दुपारी फार अपेक्षा ठेवू नये.

सॉफ्ट-स्टार्ट बसवूनही एसी बंद पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा कन्व्हर्टरचा, म्हणजे बाहेरच्या 120 व्होल्टचे 12 व्होल्ट करणाऱ्या यंत्राचा असतो. जोडणी झाली की तो बॅटरी चार्ज करायला लागतो आणि 300 ते 500 वॅट गुपचूप घेतो. फ्रिज 'ऑटो'वर असेल तर तोही गॅस सोडून विजेवर येतो, आणखी दीडशे वॅट. बेरीज 1800 च्या पुढे गेली. म्हणून एसी चालवताना पॅनेलमधला कन्व्हर्टरचा ब्रेकर खाली पाडा आणि फ्रिजला मुद्दाम गॅसवर टाका. एसी बंद केल्यावर ब्रेकर वर करायला विसरू नका, नाहीतर सकाळी पंप चालणार नाही.

उंची ही दुसरी मेख. दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते, कारण हवा विरळ होते. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला मोरेन पार्क कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या वर आहे. तिथे 1800 वॅटचे जेमतेम 1300 उरतात. कार्ब्युरेटरमध्ये उंचीसाठीचा वेगळा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) बसवला तरी ही घट राहतेच. तो नसेल तर मिश्रण पेट्रोलाने जड होतं, प्लग काळा पडतो आणि घट आणखी वाढते. सुदैवाने इतक्या उंचीवर एसीची गरज क्वचितच पडते.

जोडणीत सगळ्यात जास्त घोळ प्लगचा होतो. कॅम्परची केबल बहुतेक 30 अँपिअरची, टीटी-30 प्लगची असते. ती 120 व्होल्टची आहे, हे नीट लक्षात ठेवा. घरी असं सॉकेट बसवून घेताना कपड्यांच्या ड्रायरच्या सॉकेटसारखं समजून 240 व्होल्ट जोडले गेले, तर कन्व्हर्टर आणि एसी दोन्ही जळतात. ईयू2200आयवर साधी 20 अँपिअरची सॉकेट असतात, त्यांना टीटी-30 चा ॲडॉप्टर लागतो. त्याच्याच 'कम्पॅनियन' मॉडेलवर 30 अँपिअरचं सॉकेट आहे, पण ते पिळून अडकवायचं, एल5-30 जातीचं. त्याचा ॲडॉप्टर वेगळा. केबल वाढवायची तर 10 गेजची घ्या (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड). छोट्या जनरेटरच्या 15-20 अँपिअरसाठी 12 गेज चालते. बागेतली बारीक केशरी एक्स्टेंशन लावली तर व्होल्टेज पडतं, कॉम्प्रेसर तापतो आणि वायरही.

सर्ज प्रोटेक्टर (चुकीच्या विजेपासून कॅम्पर वाचवणारं यंत्र) वापरत असाल तर जनरेटर लावताच तो 'ओपन ग्राउंड', म्हणजे अर्थिंग तुटलेलं, असं दाखवून वीज आत सोडतच नाही. जनरेटर बिघडलेला नसतो. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग आतून जोडलेले नसतात, म्हणून हा संदेश. त्यासाठी बॉन्डिंग प्लग मिळतो: साध्या तीन पिनांच्या प्लगमध्ये चंदेरी स्क्रूपासून हिरव्या स्क्रूपर्यंत एक तुकडा वायर, बस. तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खुपसायचा. वायर चुकून पितळी स्क्रूला लागली तर जनरेटरच्या पत्र्यातच करंट येईल, म्हणून विजेची सवय नसेल तर तयार विकत घ्या. त्यावर 'फक्त जनरेटर' असं ठळक लिहून ठेवा. घरच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या सॉकेटात तो कधीच जाता कामा नये. काही जनरेटरमध्ये ही जोडणी आधीच असते. तिथे हा प्लग लावला तर जीएफसीआय (विजेची गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत राहतो, म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहा.

जनरेटर ठेवायचा कुठे, यावर मात्र तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि पॉप-अपच्या भिंती म्हणजे झिपा लावलेलं कापड. किमान 20 फूट अंतर हवं, आणि ते ट्रेलरच्या पत्र्यापासून नव्हे, बाहेर ओढलेल्या पलंगाच्या टोकापासून मोजायचं. माणसं झोपतात तिथेच. धुराडं कॅम्परपासून उलट दिशेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ऑनिंगखाली (दारावरच्या कापडी छपराखाली) ठेवलेला जनरेटर थेट आतच धूर सोडतो. प्रोपेनवर चालणारा जनरेटरही हा वायू सोडतो, त्यामुळे 'गॅसचा आहे, चालतं' हे म्हणणं खोटं. जुन्या पॉप-अपमध्ये अनेकदा फक्त गॅसगळतीचा अलार्म असतो. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवाला अलार्म वेगळा घेऊन पलंगाजवळ लावा आणि त्यावरची मुदत तपासा.

सुरू करताना जनरेटर सपाट जागी हवा. तिरका असला तर तेल कमी असल्याचा सेन्सर इंजिन बंद करतो, आणि माणूस उगाच प्लग-कार्ब्युरेटर उघडत बसतो. लोड न लावता दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, मग केबल जोडा. एसीसाठी इको मोड (लोड कमी असताना इंजिन मंद करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर झटका येतो त्या क्षणी इंजिन मंद फिरत असतं. एसी बंद करून लगेच पुन्हा चालू करू नका. आतला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं लागतात, त्याआधी कॉम्प्रेसर अडकतो आणि जनरेटर ट्रिप होतो.

बॅटरी चार्ज करायला जनरेटरवरचं 12 व्होल्टचं सॉकेट वापरण्याचा मोह होतो. त्यातून जेमतेम 8 अँपिअर मिळतात. त्यापेक्षा 120 व्होल्ट कॅम्परला द्या, आतला कन्व्हर्टर 25 ते 35 अँपिअर देईल. सकाळी बॅटरी उतरलेली असताना ती भराभर पिते, नंतर ओघ मंदावतो. म्हणून सकाळी तास-दीड तास जनरेटर, आणि उरलेलं भरायला 100 वॅटचं सोलर पॅनेल ही जोडी उत्तम. शेवटच्या दहा-वीस टक्क्यांसाठी तासन्तास इंजिन घरघरत ठेवण्यात पेट्रोल आणि शेजार दोन्ही जातात.

शेजारावरून नियम. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 फुटांवरून मोजलेला आवाज 60 डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही. जनरेटर कधी चालवायचा याच्या वेळा प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या वेगळ्या असतात, आणि काही भागांत तो पूर्ण बंद असतो. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडमधला पाइन लूप त्यातलाच. रात्रभर एसीचं स्वप्न इथेच संपतं. तसंही ईयू2200आयची एक गॅलनपेक्षा थोडी लहान टाकी पूर्ण लोडवर सव्वातीन तासांतच रिकामी होते.

स्वयंपाकाचं गणित वेगळं मांडा. इन्स्टंट पॉट सुमारे 1000 वॅट, किटली 1500, 'हजार वॅट'चा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात 1500 च्या आसपास ओढतो. यातलं एका वेळी एकच, आणि तेव्हा एसी बंद. भारतातून आणलेला 230 व्होल्टचा मिक्सर तर न्यायचाच नाही. वाटण घरून डब्यात न्या आणि कुकर गॅसवर चढवा.

इंजिन तापलेलं असताना टाकीत पेट्रोल ओतू नये, पंधरा मिनिटं थांबावं. 10डब्ल्यू-30 तेल पहिल्यांदा 20 तासांनी आणि नंतर दर 100 तासांनी बदलावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं उरलेलंही काढा. तिथे साचलेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही महिन्यांत चिकट थर धरतं आणि जेटचं बारीक भोक बुजवतं. मग वसंतात इंजिन सुरू होतं, पण चोक आत ढकलला की बंद पडतं. तसं झालं तर नवीन पेट्रोल ओतून उपयोग नाही, जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरनेच साफ करावा लागतो.