जुनी लाकडी उबवणी पेटी आणि कोकणातला पावसाळा

भंगारात किंवा बंद पडलेल्या हॅचरीत कोंबडीची अंडी उबवायची जुनी लाकडी पेटी मिळाली, तर भाव करताना फक्त लाकूड, ट्रे आणि पंख्याची मोटर धरावी. हीटर, वायरिंग आणि थर्मोस्टॅट बदलावे लागतील असंच धरून चालावं. विकणारा 'चालू आहे' म्हणाला तरी.

बघायला जाताना मी टोच्या, टॉर्च आणि मल्टिमीटर नेतो. टोच्या तळाच्या चौकटीत आणि मागच्या फळीत टोचायचा. सहज आत गेला तर वाळवी लागलेली आहे, मग वरचं पॉलिश कितीही चकचकीत असो. हीटरमागे करड्या रंगाचा भुसभुशीत पुठ्ठ्यासारखा बोर्ड असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. अशी पेटी सोडून द्यावी. तो बोर्ड घरी घासत किंवा कापत बसू नये, त्याची धूळ छातीत जाते.

मग हीटरचा रेझिस्टन्स. 230 व्होल्टवर 250 वॅट घेणारा हीटर साधारण 210 ओहम दाखवतो. मीटरवर 48 च्या आसपास आकडा आला तर पेटी 110 व्होल्टची, परदेशातून आलेली. ती थेट आपल्या प्लगला लावली तर 250 ऐवजी अकराशे वॅट ओढते आणि कॉइल लाल होऊन तुटते. अशा पेटीची मोटरही 110 चीच असते, तीही बदलावी लागते.

आता लाकूड. या पेट्यांच्या दुहेरी भिंतींत बऱ्याचदा लाकडाचा भुसा भरलेला असतो. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत तो ओल धरतो, त्याला बुरशी येते आणि पंखा ती बुरशी थेट अंड्यांवर फिरवतो. भुसा सगळा काढायचा, पेटी मे महिन्याच्या उन्हात चार-पाच दिवस उघडी ठेवायची आणि भिंतींत 25 मिलिमीटरचा थर्माकोल बसवायचा. हीटरभोवती चार इंच मात्र थर्माकोल नको, तिथे पत्रा. सुताराला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेलं दार जुलैत फुगून अडकतं. म्हणून 2-3 मिलिमीटर फट ठेवून ती रबरी गॅस्केटने भरायची. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर ती अडली पाहिजे, चारही बाजूंनी. ऑइलपेंट आतून आणि बाहेरून दोन्हीकडे द्यावा, एकाच बाजूने दिला तर फळी वाकते. नंतर वास जाईपर्यंत पेटी चार-पाच दिवस रिकामीच चालवायची. खाऱ्या हवेत ट्रेची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी जाळी गंजते, ती स्टेनलेस स्टीलची घेतलेली बरी.

जुना थर्मोस्टॅट म्हणजे ईथर भरलेली पितळी चकती. गरम झाली की फुगते आणि मायक्रोस्विच दाबून हीटर बंद करते. ती 45 अंशाच्या कोमट पाण्यात बुडवली की डोळ्यांना दिसेल इतकी फुगली पाहिजे. गळकी चकती फुगत नाही, स्विच दाबला जात नाही, हीटर चालूच राहतो आणि सकाळी अंडी उकडलेली मिळतात. म्हणून चकती चांगली असली तरी हीटरच्याच लाइनवर सिरीजमध्ये दुसरा डिजिटल थर्मोस्टॅट (पंख्याच्या पेटीत 38.5 वर) लावून ठेवावा. 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विचही हवाच. जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून अधूनमधून पाणी ओतायचं.

थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्यावर येतो का ते पाहा. पंख्याच्या पेटीत 37.6 अंश, बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला 38.5 ते 39. हवेचा दमटपणा मोजणाऱ्या हायग्रोमीटरची परीक्षा मिठाने होते: बंद डब्यात ओलसर मिठाच्या वाटीशेजारी सहा-आठ तास ठेवला की 75 टक्के दाखवला पाहिजे. तितका नसेल तर फरक कागदावर लिहून पेटीलाच चिकटवा.

खरा घोळ होतो तो पेटीत दमटपणासाठी ठेवायच्या पाण्याच्या थाळीत. पुस्तकात पहिल्या दिवसापासून थाळी भरून ठेवायला सांगितलेलं असतं, पण ते कोरड्या हवेसाठी. आपल्याकडे जुलैत बाहेर 27 अंश आणि 90 टक्के दमट हवा असते. तीच हवा पेटीत 37.6 वर गेली की आर्द्रता आपोआप 50 टक्क्यांच्या आसपास येते. उबवणीच्या 21 दिवसांपैकी पहिल्या 18 दिवसांना एवढंच हवं असतं. वर थाळीही ठेवली तर अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू चोच मारून आतच गुदमरतं. जानेवारीत रात्री बाहेर 18 अंश आणि 70 टक्के असेल तर आत जेमतेम 22 टक्के उरतात. तेव्हा थाळी लागते.

हायग्रोमीटरपेक्षा मी वजनकाट्यावर जास्त भरवसा ठेवतो. 42 ग्रॅमची 20 गावठी अंडी म्हणजे 840 ग्रॅम. अठराव्या दिवशी ती 740 च्या आसपास, म्हणजे साधारण 12 टक्के कमी भरली पाहिजेत. दिवसाला साडेपाच ग्रॅम. सातव्या दिवशी वांझ अंडी काढली की वजन उरलेल्यांचंच धरून पुन्हा मोजायला लागा. वजन हळू उतरत असेल तर पेटीची हवेची भोकं आणखी उघडायची, पटापट उतरत असेल तर पाणी वाढवायचं. भोकं पूर्ण बंद मात्र कधीच करायची नाहीत.

उन्हाळ्यात अंडी साठवू नयेत. खोलीत 27-28 अंश असले की गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. जास्तीत जास्त तीन दिवस, तेही ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. पेटी पडवीत नको, माजघरात ठेवा, तिथे तापमान फारसं हलत नाही. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची आणि अठराव्या दिवशी थांबवायचं. त्यानंतर मात्र आर्द्रता 65 ते 70 हवी. पावसाळ्यातही थाळी ठेवायची ती याच वेळी.

लाईट गेली तर पहिल्या आठवड्यात पेटीवर गोधडी टाकून दोन-तीन तास सहज निघतात. शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतःच ऊब धरतात, तेव्हा गोधडी नको. पंखा बंद असतो, आत हवा कोंडते.

चोच मारल्यापासून बाहेर पडायला पिल्लाला दिवसभरही लागतो. दार उघडून मदत करायला गेलात तर ओल जाते आणि उरलेल्यांची पडदी चिवट होते. 21 दिवसांआधीच पिल्लं आली आणि बेंबी ओली-रक्ताळ दिसली तर तापमान जास्त होतं. पुढच्या वेळी 0.2 ने खाली आणा. उशिरा आली आणि पोट फुगलेलं, लिबलिबीत असेल तर तापमान कमी, नाहीतर थाळी नको तेव्हा ठेवली होती. प्रत्येक खेपेनंतर मायक्रोस्विचवरची पिसं ब्रशने झाडायची. त्या कापसासारख्या पिसांनीच कॉन्टॅक्ट अडकतो.