आमची वाटचाल : बिल्ड आमचं, नाव त्यांचं

सी आणि सी++ मधल्या मुक्तस्रोत लायब्रऱ्या घ्यायच्या, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी कंपाइल करायच्या, वर जेएनआयचा (जावातून सी-सी++ चा कोड बोलावायची सोय) थर चढवायचा आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या हातात द्यायच्या, हे आमच्या फर्मचं काम. 2011 मध्ये पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर मी आणि माझ्या भागीदारानं ते सुरू केलं. तो एम्बेडेडमधून आलेला. लिंकरचा (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं हत्यार) एरर वाचूनच कुठली लायब्ररी कुठल्या आधी यायला हवी होती ते सांगायचा. मी ग्राहक आणि हिशेब बघायचो आणि रात्री बिल्ड, म्हणजे सोर्समधून वापरायची फाइल तयार करायचं काम, लावायचो.

तो काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अँड्रॉइडसाठी सी-सी++ कंपाइल करायच्या एनडीके या संचासोबत जीसीसी 4.4.3 हा कंपाइलर यायचा, विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणाऱ्या सिग्विनशिवाय पान हलत नव्हतं. गॅलॅक्सी वायसारखे एआरएमव्ही6 चे स्वस्त फोन घरोघरी होते आणि त्याच वर्षी टेग्रा 2 चे टॅबलेट आले. प्रोसेसर एआरएमव्ही7 चा, पण व्हिडिओ-ऑडिओचं गणित वेगानं करणारा निऑन हा भाग नाही. निऑन धरून बांधलेली लायब्ररी त्यावर सिगइल, म्हणजे ‘ही आज्ञा कळत नाही’ असा एरर, देऊन जागीच बसायची. पुष्कळांनी मग सगळ्यांनाच निऑनशिवायचं बिल्ड देऊन टाकलं आणि चांगल्या फोनवरही व्हिडिओ अडखळायला लागला. माझ्या भागीदारानं दोन्ही बिल्ड एकाच एपीकेत (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) ठेवली आणि अ‍ॅप उघडताना सीपीयू तपासून योग्य ती फाइल लोड करायची सोय केली. आमची पहिली ओळख त्या कामानं झाली.

बिल्ड मशिन आम्ही स्वतः जोडलं होतं. कोअर आय7-2600, 16 जीबी रॅम, उबंटू. नाव ठेवलं ‘देवराई’. आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सीकॅश लावल्यावर एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या लायब्ररीचं दुसऱ्यांदा बिल्ड चहा गार व्हायच्या आत उतरायचं. गुरुवारी वीज जायची, म्हणून बुधवारी रात्री सगळ्या आर्किटेक्चरचं बिल्ड लावायचं नाही, हा नियमच होता. रीडएल्फ, एनएम, ऑब्जडंप, अ‍ॅडर2लाइन ही तयार फाइलच्या पोटात डोकावायची आमची रोजची हत्यारं, मॅकवर लिपो आणि ओटूल. नवीन मुलगा आला की त्याला पहिले काही दिवस कोड लिहू द्यायचा नाही, फक्त रीडएल्फचं आउटपुट वाचायला लावायचं, ही भागीदाराची शिस्त. आजही ती पाळतो. ज्याला एसओ फाइलचा, म्हणजे कंपाइल झालेल्या लायब्ररीचा, डायनॅमिक सेक्शन वाचता येत नाही त्यानं या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एफएफएमपेगची लायब्ररी लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीनं ‘डॉट एसओ डॉट 57’ अशा नावानं तयार होते, अँड्रॉइडच्या पॅकेजमध्ये नाव ‘डॉट एसओ’वरच संपावं लागतं. बाहेरून फाइलचं नाव बदलून भागत नाही, आत लिहिलेलं नाव, म्हणजे सोनेम, जुनंच राहतं. नुसतं नाव बदलून दिलेल्या आणि सुरू होतानाच आपटणाऱ्या लायब्रऱ्या दुरुस्तीला आमच्याकडे आजही येतात.

2013 मध्ये मिरजेहून बुवा आले. गाण्याचे शिक्षक. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचा माणूस, कान तयार. शिष्यांसाठी त्यांनी सांगलीच्या एका मुलाकडून रियाजाचं अ‍ॅप करून घेतलं होतं, त्यात मिरजेतच बनलेल्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण. माडीचा जिना चढून आले, खुर्चीवर टेकले आणि दोन फोन टेबलावर ठेवून म्हणाले, “अहो इंजिनिअर, मी पांढरी एक लावतो. जुना फोन पांढरी एकच बोलतो. नवा काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या अंगाला जातो. पण पांढरी दोनही नाही. मधेच कुठेतरी उभा राहतो. अशात मुलांनी गळा कुठे लावायचा?”

भागीदारानं लगेच गणित मांडलं. ध्वनिमुद्रण सेकंदाला 44,100 नमुन्यांचं, नव्या फोनचं हार्डवेअर 48,000 वर चालणारं. अ‍ॅपमधली लायब्ररी नमुने न बदलता तसेच पुढे ढकलत होती. गुणोत्तर 1.088, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमिटोन), पेटीवरच्या भाषेत दीड घर. बुवांनी हे नुसत्या कानानं सांगितलं होतं. आम्ही सॉक्सआर ही लायब्ररी कंपाइल करून मधे रीसॅम्पलर, म्हणजे नमुन्यांचा वेग बदलून देणारा भाग, बसवला. त्याच तपासणीत दिसलं की सूर ओळखण्यासाठी एफएफटीडब्ल्यू ही गणिताची लायब्ररी वापरलीय. ती जीपीएलखाली (वापरलं तर आपल्या अ‍ॅपचाही सोर्स खुला करायला लावणारा परवाना), अ‍ॅप बंद सोर्सचं. ती काढून सैल अशा बीएसडी परवान्याचं किसएफएफटी घातलं. बुवांना परवान्याचं समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, “बंदिश दुसऱ्याची असेल तर नाव घेऊन गावी. एवढंच ना?” मी म्हटलं, “बुवा, जीपीएलला त्याहून थोडं जास्त लागतं.” पण त्यांना मुद्दा पक्का कळला होता. अ‍ॅपच्या ‘माहिती’ पानावर त्यांनी प्रत्येक लायब्ररीचं नाव घालायला लावलं.

तेव्हापासून बुवा आमचे ग्राहक. वार्षिक देखभालीची रक्कम मोठी नाही, पण गणपतीच्या आधी चेक येतो, एकदाही चुकलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो.

2014 मध्ये मुंबईची एक मोठी व्हिडिओ शिकवणीची कंपनी आमच्याकडे आली. नाव घेत नाही. त्यांचा प्लेअर आम्ही बांधला. एफएफएमपेग, सुरक्षित जोडणीसाठी ओपनएसएसएल, उपशीर्षकांसाठी लिबास आणि त्याखाली अक्षरं मांडणाऱ्या फ्रीटाइप व हार्फबझ, म्हणजे मराठी-हिंदी जोडाक्षरं तुटायला नकोत. अँड्रॉइडच्या मार्शमेलो आवृत्तीनं 2015 मध्ये टेक्स्ट रीलोकेशन (लोड होताना कोडच बदलावा लागणं) असलेल्या लायब्रऱ्या नाकारायला सुरुवात केली, इंटेलच्या एक्स86 प्रोसेसरवर कितीतरी अ‍ॅप पडली. आमचं पडलं नाही. ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे गाजलेलं सुरक्षेचं भगदाड 2014 चं. पुढे जुलै 2016 मध्ये प्ले स्टोअरनं जुन्या ओपनएसएसएलच्या अ‍ॅपचे अपडेट अडवले, आमचं बिल्ड त्याआधीच नव्या आवृत्तीवर होतं. अँड्रॉइडच्या नूगा आवृत्तीनं सिस्टीमच्या खासगी लायब्रऱ्यांना हात लावणं बंद केलं, तेव्हा फोनमधलं ओपनएसएसएल उसनं घेणारे कोसळले. आमचं ओपनएसएसएल आमच्याच पोटात होतं. एआरएम64 चं, म्हणजे नव्या 64 बिट फोनसाठीचं, बिल्डही देतो असं आम्ही सांगितलं होतं. एपीकेचा आकार वाढतो म्हणून नको, असं त्यांनी लेखी कळवलं. ते पत्र मी जपून ठेवलंय.

2017 च्या सुरुवातीला बिलं थांबली. आधी ‘अकाउंट्सकडे आहे’, मग ‘सिस्टीम बदलतेय’, मग फोन उचलणंच बंद. शेवटी निरोप आला की पुण्यातलीच दुसरी एक फर्म अर्ध्या दरात हेच काम करते, पुढचं काम त्यांना दिलंय. त्या फर्मचंही नाव घेत नाही. या व्यवसायातल्यांना ते माहीत आहे.

दुसरी फर्म स्वस्तात करते याचं दुःख नव्हतं. पण मला बघायचं होतं की इतक्या कमी पैशात कसं जमतं. त्यांनी आणखी एका ग्राहकाला दिलेलं अ‍ॅप प्ले स्टोअरवर होतं. एपीके उतरवली, उघडली आणि एफएफएमपेगच्या लिबएव्हीकोडेक या फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारं हत्यार) चालवलं. एफएफएमपेग आपल्या कॉन्फिगरची, म्हणजे बिल्डच्या वेळी निवडलेल्या पर्यायांची, संपूर्ण ओळ बायनरीतच (कंपाइल झालेली फाइल) ठेवतं, स्ट्रिप केलं, म्हणजे जादा नावं काढून फाइल लहान केली, तरी ती जात नाही. त्या ओळीत प्रीफिक्सचा, म्हणजे बिल्ड ज्या फोल्डरात ठेवायचं त्याचा, पाथ होता आणि पाथमध्ये ‘देवराई’. आमचं मशिन, आमचा फोल्डर, आमचे फ्लॅग, त्याच क्रमानं. मग जेएनआयच्या फाइलवर फंक्शनची नावं दाखवणारं ‘एनएम -डी’ चालवलं. जेएनआयच्या फंक्शनच्या नावात जावाच्या पॅकेजचं नाव गुंफलेलं असतं, ते बदलायला सोर्स लागतो. सोर्स त्यांच्याकडे नव्हता, म्हणून आमचंच पॅकेज तसंच ठेवून वर त्यांचा लोगो लावला होता.

एफएफएमपेगसारखी एलजीपीएल या मुक्त परवान्याखालची लायब्ररी कोणीही पुढे देऊ शकतो. तो हक्क मला पूर्ण मान्य आहे, आमचं पोट त्यावरच चालतं. पण ती पुढे देताना सोर्स आणि बिल्डच्या स्क्रिप्टही देण्याची बांधिलकी येते. आणि जेएनआयचा थर आमचा स्वतःचा होता, करारानं फक्त त्या एका अ‍ॅपसाठी दिलेला. वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, पुरावा चांगला आहे, पण दावा वर्षानुवर्षं चालेल आणि तेवढे दिवस तुम्ही टिकाल का ते आधी बघा.

टिकणंच कठीण झालं होतं. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या एका कंपनीकडून यायचा. सहकारी बँकेतलं ओव्हरड्राफ्ट भरून वाहत होतं. कामावरच्या दोन्ही मुलांना दुसरीकडे नोकरी बघायला सांगावं लागलं. चांगली तयार केलेली मुलं, दोघंही रीडएल्फ डोळे मिटून वाचणारी. नारायण पेठेतली जागा सोडली आणि देवराई कोथरूडला माझ्या घराच्या बंद गॅलरीत आली. भागीदाराची मुलं लहान होती, त्यानं बंगळुरूची नोकरी घेतली. आमच्यात वाद झाला नाही. जाताना त्यानं प्रत्येक लायब्ररीची कृती वहीत हातानं लिहून दिली. कुठलं एनडीके, कुठला कमिट, कुठले फ्लॅग, कुठला पॅच आणि तो का लावला, सगळं.

त्या वर्षी बुवांनी गणपतीआधी दोन वर्षांचा चेक पाठवला. कोणी सांगितलं त्यांना, कोण जाणे. मी फोन केला तर म्हणाले, “पुढच्या वर्षी मला विसरायला होईल, म्हणून आताच दिला.” बुवा काहीच विसरत नाहीत.

2018 मध्ये पुण्यातच एका कार्यक्रमात त्या दुसऱ्या फर्मचे मालक मंचावर होते. ‘आम्ही मीडिया इंजिन शून्यापासून उभं केलं’ यावर भाषण. मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्रश्नोत्तरांत हात वर केला आणि विचारलं, तुमच्या कॉन्फिगरमध्ये प्रीफिक्स कुठला आहे? त्यांनी वेळ संपल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. ते भाषण आजही त्यांच्या माहितीपत्रकात आहे आणि ते वाचलं की अजूनही मला त्रास होतो. झालं गेलं विसरा म्हणणाऱ्यांना मी सांगतो, रात्री जागून बांधलेलं काम दुसऱ्याच्या नावानं विकलं जाताना बघा, मग बोला.

डिसेंबर 2017 मध्ये गूगलनं जाहीर केलं होतं की ऑगस्ट 2019 पासून नेटिव्ह कोड असलेल्या अ‍ॅपना 64 बिटचं बिल्ड द्यावंच लागेल. दीड वर्षाहून जास्त मुदत होती. मुंबईच्या कंपनीचा फोन आला तो 2019 च्या जूनमध्ये. दुसऱ्या फर्मकडे आमची 32 बिटची फाइल होती, त्यापलीकडे काहीच नव्हतं. बिल्ड करायचं कशातून? आमच्या स्क्रिप्ट जीसीसीच्या काळातल्या, आणि तोवर आर18 आवृत्तीत जीसीसी आणि त्याची सी++ लायब्ररी जीएनयूएसटीएल दोन्ही एनडीकेतून गेले होते. आर्मईएबीआय आणि मिप्स ही जुनी आर्किटेक्चर त्याच्या आधीच्या आर17 मध्येच गेले. वही नसती तर मलाही ते काम कितीतरी जड गेलं असतं.

मी एकच अट घातली, जुनी सगळी बिलं आधी. ती आठवडाभरात आली. मग कामाला बसलो. एफएफएमपेगमधलं एआरएम64 चं असेंब्ली वेगळं लिहिलेलं आहे, ते नीट बसलं. खरा घोळ त्यांच्याच टीमच्या कोडमध्ये होता, नेटिव्ह पॉइंटर (मेमरीतले पत्ते) त्यांनी जावात ‘जेइंट’ या 32 बिटच्या प्रकारात साठवले होते. 32 बिटवर खपून जातं, 64 बिटवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो आणि अ‍ॅप भलत्याच ठिकाणी क्रॅश होतं. शोधून एकेक 64 बिटचा ‘जेलाँग’ केला. जुलैत बिल्ड त्यांच्या हातात होतं. आभाराचं पत्र आलं नाही. पैसे आले आणि त्या पैशांत दोन मुलं पुन्हा कामावर घेतली. त्यातला एक जुनाच.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. अ‍ॅपलनं 2019 मध्ये एक्ससीफ्रेमवर्क (वेगवेगळ्या उपकरणांची बिल्ड एका पॅकेजात ठेवणारी रचना) आणलं, पुढच्या वर्षी मॅकचा एम1 प्रोसेसर आला आणि सिम्युलेटर व फोन दोन्ही एआरएम64 झाल्यामुळे लिपोनं दोन्हींची मिळून एक फाइल करायची जुनी पद्धत संपली. आम्ही आधीच वळलो होतो.

या धंद्यात येणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. ज्या एनडीकेनं बिल्ड केलं त्याची झिप स्वतःच्या डिस्कवर ठेवा. स्ट्रिप न केलेली प्रत बिल्ड-आयडीसह जपा, नाहीतर ग्राहकाचा क्रॅश लॉग म्हणजे नुसते आकडे. ‘इनेबल-जीपीएल’ आणि ‘इनेबल-नॉनफ्री’ हे एफएफएमपेगचे पर्याय कुठूनतरी उचललेल्या स्क्रिप्टमधून तुमच्याकडे येऊ देऊ नका. नॉनफ्री घातलेलं बिल्ड वाटताच येत नाही. आयफोनवर एलजीपीएलची लायब्ररी स्टॅटिक लिंक केली तर समोरच्याला पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते, म्हणून शक्य तिथे डायनॅमिक फ्रेमवर्क वापरा. आणि दुसऱ्यानं बांधलेल्या बायनरीवर आपलं दुकान मांडू नका. जानेवारी 2025 मध्ये एफएफएमपेगकिट (तयार बांधलेलं एफएफएमपेग देणारा प्रकल्प) थांबत असल्याचं जाहीर झालं आणि काही महिन्यांत त्याच्या तयार बायनरी काढल्या गेल्या. ज्यानं ते इतकी वर्षं फुकट सांभाळलं त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण तयार बायनरी खेचून आणणाऱ्या ग्रेडलच्या एका ओळीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांची बिल्ड रातोरात लाल झाली. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम आमच्याकडे आलं.

आत्ताचं मोठं काम 16 केबी पेजचं. पेज म्हणजे फोन ज्या मापाच्या तुकड्यांत मेमरी वाटतो तो तुकडा. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 आणि पुढच्यासाठीच्या अ‍ॅपमधल्या 64 बिट लायब्रऱ्यांचे लोड सेगमेंट 4,096 ऐवजी 16,384 वर जुळलेले लागतात. एनडीके आर28 ते आपोआप करतं, त्याआधीच्यांना लिंकरला ‘मॅक्स-पेज-साइझ’ सांगावं लागतं. अलाइनमेंट झालं म्हणजे काम झालं असं नाही, कोडमध्ये कुठे 4,096 ठोकून लिहिलंय का तेही शोधावं लागतं. वहीतल्या प्रत्येक लायब्ररीला एकदा हात लावून झाला. भागीदार बंगळुरूहून शनिवारी ऑनलाइन येतो आणि माझे पॅच तपासतो. त्यासाठी तो पैसे घेत नाही.

बुवांच्या अ‍ॅपचं ओबो या ऑडिओच्या लायब्ररीवर स्थलांतर पूर्ण झालंय, 64 बिटचं बिल्ड 16 केबीत बसलंय. 32 बिट काढून टाका असं सगळे सांगतात. बुवांच्या शिष्यांपैकी कितीतरी मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात आणि घरात थोरल्याचा जुना फोन वापरतात. बुवांनी विचारलं, “त्यांचा तानपुरा बंद होणार का?” मी नाही म्हटलं. 32 बिट फोनसाठीची आर्मईएबीआय-व्ही7ए ची ओळ आमच्या स्क्रिप्टमध्ये आहे, आणि एनडीके ती ठेवेल तोवर आम्हीही ठेवणार आहोत.