शिट्टी

भाच्याने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय. १८ डिसेंबर २०२६, शुक्रवार, 'ड्यून' या हॉलिवूडपटाचा तिसरा भाग. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, म्हणजे पणजीला रात्रीचा शो बघून डिचोलीला कितीही वाजता परतलो तरी चालेल, असा हिशेब. आपल्याकडेही चित्रपट त्याच दिवशी लागणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय. "त्याच तारखेला 'अ‍ॅव्हेंजर्स'ही आहे ना रे? मोठा पडदा कोणाला मिळणार?" असं मी विचारलं, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

आमच्या घरात हे वेड शिरलं २०२१ साली. पहिल्या भागात ती अजस्र यंत्रं वाळवंट उपसून 'मसाला' नावाचा मौल्यवान पदार्थ काढतात, धुळीचे लोट उठतात. ते बघून बायको कुजबुजली, "एवढ्यासाठी पणजीपर्यंत आणलंत? हे तर दारात बसून दिसायचं की!" खरंच होतं. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत आमच्या तुळशीची पानंसुद्धा तांबडी असायची. खनिज मांडवीतून बार्जीत बसून परदेशी जायचं, धूळ तेवढी आम्हाला. वाळवंट मी जन्मात पाहिलेलं नाही, पण चित्रपटातल्या अराकिस या वाळवंटी ग्रहावरच्या मूळ रहिवाशांचं, फ्रेमेन लोकांचं, दुखणं मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

भाच्याने पुस्तकं वाचलेली नाहीत, मी वाचलीत. घोळ तिथेच आहे. तिसरा चित्रपट बेतलाय फ्रँक हर्बर्टच्या १९६९ सालच्या 'ड्यून मेसाया'वर. पहिल्या पुस्तकापुढे हे अगदीच बारीक. रणांगण कमी, खलबतं जास्त. माणसं बंद दालनांत बसतात आणि बोलतात. पहिली गोष्ट क्रमशः छापणाऱ्या जॉन कॅम्पबेल या संपादकाने ही मात्र नाकारली. नायक पॉलची त्यातली गत त्याला रुचली नाही. हर्बर्टला तर तेच दाखवायचं होतं, की तारणहार म्हणून ज्याला डोक्यावर घेतलंत त्याच्यापासून जरा जपून.

चाहत्यांच्या शंका निराळ्याच. पहिल्या भागात मेलेला पॉलचा साथी डंकन परत कसा येतो? (मराठी मालिका बघणाऱ्यांना हा प्रश्न पडू नये.) दुसऱ्या भागाच्या शेवटी पॉलची प्रेयसी चानी रागावून निघून गेली, पुस्तकात ती पॉलजवळच असते, मग दिग्दर्शक देनी विलनव्ह तिला आता आणणार कसा? विलनव्हचा हा शेवटचाच 'ड्यून', तेव्हा तो सावरून घेईल, असं भाचा म्हणतो. सावरील बहुतेक.

माझी धास्ती शिट्टीची आहे. २०२४ मध्ये दुसरा भाग बघताना पॉल गर्जना करतो, हजारो माणसं त्याच्यापुढे वाकतात. एकटी चानी ताठ उभी. दिग्दर्शक तिच्या चेहऱ्यावरून आपल्याला सांगतोय की अरे, काहीतरी भयंकर चाललंय, आणि माझ्या मागच्या रांगेत शिट्ट्या! शेजारच्या खुर्चीतही एक वाजली. ती कोणाची, हे त्याच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

"मामा, शेवट सांगू नकोस हं!" असं तो दर दोन दिवसांनी बजावतो. हे शेवट लपवायचं खूळ मला कळत नाही. गावच्या जत्रेत दशावतारी काला व्हायचा, तेव्हा कथा बसलेल्या प्रत्येकाला पाठ असायची. तरी आजी पोतं अंथरून पहाटेपर्यंत हलायची नाही. राजाने तलवार उपसली की पोरं शिट्ट्या मारायची. तोच राजा उजाडता उजाडता सगळं गमावून विलाप करायला लागला की मंडपात शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही, आणि आजी दर वर्षी त्याच वाक्याला डोळ्यांना पदर लावायची. पेटीवाला आणि पखवाजवाला एवढ्या बळावर हे घडायचं. विलनव्हकडे तर संगीताला हान्स झिमर आहे.

परवा कपाटातली एक जागा रिकामी दिसली. पुस्तक भाच्याने नेलं होतं. काल रात्री त्याचा फोन.

"मामा, चाळीस पानं झाली. नुसते बोलतायत सगळे. लढाई कधी येते?"

"शेवट सांगू नकोस म्हणालास ना," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.