फाइलमध्ये वधूवरच नव्हते

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात मी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. नौपाड्यातल्या एक काकू वधूवर सूचक केंद्र चालवतात. त्यांची साइट जुन्या होस्टिंगवरून, म्हणजे ती ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरून, नव्यावर न्यायची होती आणि जुनं खातं त्याच रात्री बारा वाजता बंद होणार होतं. सकाळी फोन केला तर म्हणाल्या, "अरे, काळजी कसली? दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअप घेते मी. तूच तर शिकवलंस!" आणि पेनड्राइव्ह रुमालात बांधून, भर पावसात, रिक्षा करून आल्या.

खरंच, चार वर्षांच्या फाइली होत्या. प्रत्येकीच्या नावात तारीख. एवढी शिस्त आमच्या ऑफिसात कुणाला नाही.

खटकली ती एकच गोष्ट. दर महिन्याला नवी स्थळं येतात, मग सगळ्या फाइली जवळजवळ सारख्याच आकाराच्या कशा? शेवटची फाइल उघडून थेट तळाला गेलो. पूर्ण झालेल्या फाइलच्या शेवटी कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, पूर्ववत करणाऱ्या दोन-तीन ओळी असतात. इथे ओळ मध्येच, अवतरणचिन्ह उघडंच ठेवून तुटली होती.

काकू पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट'चं बटण दाबायच्या. साइटची माहिती ज्या तक्त्यांत, म्हणजे टेबलांत, असते तो डेटाबेस ब्राउझरमधून हाताळायचं हे टूल. ते टेबलं इंग्रजी नावाच्या अक्षरक्रमाने काढतं. अभिप्राय, जाहिराती व्यवस्थित आल्या होत्या. मग आलं 'लॉग'. कोण कधी लॉगिन झालं याची, साइट सुरू झाल्यापासून कुणी कधी न पुसलेली नोंद. त्या टूलची वेळेची मर्यादा मुळात 300 सेकंद असते, आणि वेब सर्व्हरची कधीकधी त्याहून कमी. लॉग ओतता ओतताच वेळ संपायची. ब्राउझर मात्र आलं तेवढं उतरवून 'डाउनलोड झालं' म्हणून मोकळा. 'वधू' आणि 'वर' ही टेबलं व्ही अक्षरावर. त्यांची पाळी चार वर्षांत एकदाही आली नव्हती.

त्या टूलची आवृत्ती पाहिली, 4.0. म्हणजे 2013 सालची शाखा. 5.2 येऊनही बराच काळ लोटलाय. पण पॅनलसोबत, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या नियंत्रण-पानासोबत, जे येतं ते बदलायचा हक्क ग्राहकाला नसतो. सपोर्टला फोन केला. "सर, पॅनलमध्ये असंच येतं." बरं, एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय, तरी द्या म्हटलं, तर या प्लॅनमध्ये नाही.

तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. उपाय अगदी साधा निघाला, याचा राग जास्त आला. 'कस्टम' निवडून लॉगपुढची खूण काढली आणि ती दोन टेबलं वेगळी घेतली. मिनिटभरही लागलं नाही. मीच काकूंना बटण दाखवलं होतं. फाइल एकदा दुसरीकडे चढवून बघावी, हे मला कधी सुचलं नव्हतं.

नव्या सर्व्हरवर माहिती चढली, पण नावांच्या जागी सगळा गोंधळ! डोक्यावर तिरपी रेघ असलेला फ्रेंच ए, त्यापुढे चलनाचं चिन्ह, पुन्हा तेच. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. जुनं टेबल लॅटिन-1 चं, म्हणजे प्रत्येक बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या पद्धतीचं, म्हणून त्याने ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून ठेवले होते. अशा वेळी कॉलम सरळ यूटीएफ-8 मध्ये बदलला तर तो कचराच नव्या रूपात पक्का होतो. आधी त्याचा ब्लॉब, म्हणजे नुसत्या बाइटांचा कॉलम करायचा, म्हणजे हे कुठल्या लिपीचं आहे हे डेटाबेस विसरतो, आणि मग यूटीएफ8एमबी4, म्हणजे डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-8. असं केल्यावर पहिलं नाव उमटलं. काकू खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आल्या.

"ही तर लग्न होऊन पुण्याला गेली. हिचं नाव अजून ठेवलंय होय?"

दोन्हीकडच्या नोंदी मोजल्या, जुळल्या. काकू निघताना म्हणाल्या, "मग चार वर्षं मी काय जमवत होते रे?" मी म्हटलं, "काकू, कोण कधी साइटवर आलं ते." त्या हसल्या नाहीत.

रात्री सव्वाबाराला सहज जुनं पॅनल उघडून पाहिलं. लॉगिन अजून होत होतं.