घोडे चावतात, धन्यवाद

लंडनला व्हाइटहॉलच्या रस्त्यावर एक पाटी आहे. सावधान, घोडे लाथ मारतात किंवा चावतात, आणि शेवटी धन्यवाद. आपल्याकडे अशा पाटीखाली ‘हुकमावरून’ असतं. हे धन्यवाद नेमके कशाबद्दल, चावून घेतल्याबद्दल का, यावर मी त्या दुपारी बराच वेळ घालवला. दुसरं काम नव्हतं. लेक-जावई ऑफिसात, बायको लेकीच्या स्वयंपाकघरात कुकरची रिंग शोधतेय, आणि मी खिशात खारे दाणे घेऊन राजाचा पहारा बघायला एकटाच निघालेलो.

पाटीजवळ दगडी देवळी, तीत काळाभोर घोडा आणि घोड्यावर लाल कोटातला शिपाई. राजाच्या घोडदळाच्या दोन पलटणी इथे पहाऱ्याला असतात. पांढरा तुरा, म्हणजे लाइफ गार्ड्सचा. निळा कोट आणि लाल तुरा असता तर ब्लूज अँड रॉयल्सचा. वय असेल बाविसेक. त्याच्या गालावर माशी बसली होती.

माशी गालावरून निघाली ती नाकपुडीच्या दिशेनं. माझं नाक हुळहुळायला लागलं. माझी ही जुनी खोड. कुणी निश्चल उभं दिसलं की खाज मला सुटते. राष्ट्रगीताला तर नेमकी कानामागे. त्या पोराच्या एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. माशी नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली, हातपाय चोळू लागली. पोरगा समोर बघतोय. शेवटी घोड्यालाच दया आली असावी, त्यानं मान झटकली, साखळ्या खळखळल्या आणि माशी उडाली. मी माझं नाक खाजवून घेतलं, त्याच्या वाटचंही.

आदल्या दिवशी लेकीनं बकिंगहॅम पॅलेसला नेलं होतं. अकराचा सोहळा, आम्ही साडेदहाला पोचलो, म्हणजे उशिराच. माझ्यापुढे सहा रांगा. पहारा बदलताना मी पाहिला तो पुढच्या माणसानं उंच धरलेल्या मोबाइलमध्ये. जुने पहारेकरी अंगणात उभे, त्यातले काही सेंट जेम्स पॅलेसवरून चालत आलेले. नवे शेजारच्या वेलिंग्टन बराकीतून बँड वाजवत येतात. मग राजवाड्याच्या किल्ल्या एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात, निदान तशी खूण तरी होते. पाऊण तास हे चालतं. लेक म्हणाली, “बाबा, बटणं मोजा.” पायदळाच्या पाच पलटणी या कामाला असतात. लांबून सगळे एकसारखेच, लाल डगला आणि डोक्यावर अस्वल. पण ग्रेनेडियरांची बटणं एकेक, सारख्या अंतरावर. कोल्डस्ट्रीमची जोडीजोडीनं, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशांची चार-चार, वेल्शांची पाच-पाच. मला भलताच आनंद झाला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी ताटं मोजतो. लेकीच्या छोट्या दुर्बिणीतून मी एका शिपायाची बटणं मोजली, दोन, दोन, दोन, आणि मोठ्यांदा “कोल्डस्ट्रीम!” म्हणालो. शेजारच्या जपानी बाईंनी आदरानं माझ्याकडे पाहिलं.

अस्वल म्हणजे खरंच अस्वलाच्या कातड्याची टोपी. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनच्या खाशा पलटणींना हरवलं, त्यानंतर ग्रेनेडियरांनी ती डोक्यावर घेतली, बाकीच्यांना पुढे मिळाली. तिची साखळी हनुवटीखाली नसते, खालच्या ओठाखाली असते. म्हणजे तोंड उघडायचीही चोरी. उभं राहायचं दोन तास, मग चार तास मोकळे, मग पुन्हा दोन. पुढची तुकडी येईपर्यंत असं कधी चोवीस, कधी अठ्ठेचाळीस तास. मध्ये पाय आखडले तर पंधराएक पावलं चालायची मुभा. आणि गंमत अशी की दोघं एकाच क्षणी चालू लागतात ते मनातलं ओळखून नव्हे. एक जण बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटून दुसऱ्याला खूण करतो. राजा घरी असेल तर समोर चार जण, नसेल तर दोन. तेव्हा राजा घरात आहे का हे विचारायला बेल वाजवायची गरज नाही.

मलाही एकदा राजाच्या पहाऱ्यावर उभं केलं होतं. चौथीत. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या गणपतीला त्या वर्षी जिवंत देखावा होता, शिवराज्याभिषेक. महाराज झाले बँकेतले एक कारकून, त्यांची दाढी स्वतःची होती. मला भालदार केलं, कारण भाड्यानं आणलेला अंगरखा मापाला मलाच बसला. काजळाच्या मिशा, हातात बांबूचा भाला, त्याच्या टोकाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आप्पांनी, म्हणजे मंडळाच्या खजिनदारांनी, सगळ्यांसमोर बजावलं, “हललास तर सिंहासन हललं.” कॅसेटवरचं निवेदन बारा मिनिटं चालायचं. रात्री आठपासून दर अर्ध्या तासाला एक खेळ. माझे दोन खेळ, मग पुढच्या दोनला सुन्या. असं वहीत लिहिलेलं होतं, खाली आप्पांची सही होती.

पहिला खेळ मी दगडासारखा काढला. दुसऱ्यात कोपरावर डास बसला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो फुगताना बघत होतो आणि वरून गागाभट्टांचे मंत्र चाललेले. समोरच्या बाजूच्या भालदाराला, बंड्याला, तो डास दिसला आणि हसू आलं. त्याचा भाला थरथरू लागला. आप्पा पडद्याआडून दात खात होते. खेळ संपला, पडदा पडला, मी सुन्याची वाट बघत राहिलो. सुन्या आला नाही. तो भेळ खायला गेला होता. तिसरा खेळ मीच उभा. चौथाही मीच. चौथ्यात मला एक नंबरला लागली होती आणि निवेदक महाराजांच्या बत्तीस मणांच्या सिंहासनाचं वर्णन काही केल्या संपवत नव्हता. घरी आल्यावर आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या. ताई म्हणाली, “तीनदा हललास.”

सुन्याशी मी पुढे दिवाळीपर्यंत बोललो नाही. नंतर बोललो, कारण त्याच्याकडे टिकल्यांचं पिस्तूल होतं.

व्हाइटहॉलला चार वाजले तसे आतल्या चौकात हुकूम सुटू लागले. घोड्यावरचा पहारा सकाळी दहा ते दुपारी चार, दर तासाला माणूस आणि घोडा दोन्ही बदलतात. सकाळी बराकीत तपासणी होते, ज्यांचे बूट आणि खोगीर सगळ्यात लखलखीत त्यांना घोड्यावरची पाळी, उरलेले पायी. (अंगरख्याचं माप कुणी बघत नाही.) चारला सगळे चौकात रांगेत उभे राहिले, एक अधिकारी आला, एकेकाला वरपासून खालपर्यंत बघून गेला. मला वाटलं रोजचा मानाचा विधी असेल. शेजारी उभे असलेले इंग्रज आजोबा गालात हसले आणि म्हणाले, ही शिक्षा आहे. १८९४ साली व्हिक्टोरिया राणी नेमकी या वेळेला इथून गेली, तर पहाऱ्यावर कोणी नाही, सगळे आत दारू पीत जुगार खेळत बसलेले. राणीनं फर्मावलं, पुढची शंभर वर्षं रोज दुपारी चारला अधिकाऱ्यानं येऊन हजेरी घ्यायची. शंभर वर्षं १९९४ ला भरली. हजेरी मात्र चालूच आहे.

मला एकदम मंडपातली रात्र आठवली. देखावे संपल्यावर गणपतीजवळ जागायला चार मोठी पोरं ठेवायचे, आणि ती पोरं समईच्या उजेडात तीन पत्ती कुटायची. एका रात्री दोन वाजता आप्पा चोरपावलांनी आले. पत्ते जप्त झाले, दुसऱ्या दिवसापासून चौघांनी पहाटे मंडप झाडायचा असं ठरलं. चौघंही आता साठीच्या पुढे आहेत. त्यातला एक परवापरवापर्यंत गणपतीत पहाटे मंडप झाडत होता. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

परतताना बसमध्ये आणखी एक गोष्ट डोक्यात आली. पहारा हा शब्द आला प्रहरावरून. तीन तासांचा प्रहर, तेवढा वेळ जागं राहायचं तो पहारा. भाला, तलवार, अस्वल, यातलं काहीच त्या शब्दात नाही. आणि घोडा सरकारचा, माणूस फक्त बसणारा, त्याला आपण बारगीर म्हणायचो. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. म्हणजे माशीवाला तो पोरगा बारगीर झाला. हे त्याला सांगायला हवं होतं, पण ओठाखाली साखळी असलेल्या माणसाशी गप्पा कशा मारणार. (साखळी त्याच्याही होती का, ते बघायचं राहिलं. मी माशीच बघत बसलो.)

महिनाभरानं परत आलो. पहाटे साडेचारला टॅक्सी सोसायटीच्या फाटकाशी थांबली. वॉचमनमामा प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून, डोळे मिटलेले. हॉर्नला उठले, सलाम केला, फाटक ढकललं आणि बॅगा उतरवायला पुढे आले.

“मामा, तुमची तर दिवसाची ड्यूटी ना?”

“रिलीव्हर आलाच नाही साहेब. डबल चाललीय. काल सकाळपास्नं.”

मी बॅगेतून चॉकलेटचा डबा काढून दिला. बायको म्हणाली, आधी घरात तर चला. मामांनी डबा खुर्चीखाली ठेवला.

“काय काय बघितलं तिकडं?”

“राजाचा वाडा बघितला. बाहेरूनच.”

“गेटवर किती जण?”

इतक्या लोकांनी लंडनबद्दल विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “राजा असला तर चार. दोन तास उभं राहायचं, चार तास सुट्टी.”

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“म्हणजे एका जागेला तीन माणसं,” ते म्हणाले, आणि माझी मोठी बॅग उचलून लिफ्टकडे निघाले.