ताळेबंद पाण्याचा, पाया विहिरीच्या नोंदीचा

विद्यापीठ आणि गाव मिळून भूजलाचा ताळेबंद मांडतात, तेव्हा सगळं गणित विहिरीतल्या पाण्याच्या खोलीवर उभं राहतं. ती नोंद चुकली तर संगणकावरचं मॉडेल कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही.

म्हणून पहिलं काम, काठावर रंगाची खूण. मोजणारा बदलला तरी पट्टी तिथूनच सोडायची. खुणेची जमिनीपासूनची उंचीही वहीत लिहून ठेवावी. पुढे कुणी कठडा वाढवून नवी खूण केली की कागदावर पाणी एकदम अर्धा मीटर खाली गेलेलं दिसतं. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्याआधी करावी. कठीण खडकातली विहीर पुन्हा भरायला कधी कधी दिवस लागतात, तेव्हा आदल्या दिवशी पंप किती तास चालला हेही लिहावं. शेजारच्या विहिरीचा उपसा चालू असेल तर नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकावं, पण नोंद खोडू नये. उथळ विहीर आणि खोल बोअरवेल यांची सरासरी तर कधीच काढू नये. दोन्ही बहुतेक वेळा वेगवेगळ्या थरांतलं पाणी दाखवतात.

पाण्याच्या दाबावरून पातळी टिपणारा स्वयंचलित दाबमापक विहिरीत बसवला तर सहसा हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो. हवेचा दाब 10 हेक्टोपास्कलने बदलला तर न केलेल्या दुरुस्तीमुळे पातळीत जवळपास 10 सेंटीमीटरची चूक शिरते.

आता खरी अवघड गोष्ट. समजा 500 हेक्टरमध्ये पावसाळ्यात पातळी 4 मीटर वाढली. म्हणजे 2 कोटी घनमीटर पाणी आलं का? नाही. खडकातून निथळून हाती येतो तो वाटा झिजलेल्या बेसॉल्टमध्ये साधारण 1 ते 3 टक्के. 2 टक्के धरले तर 4 लाख घनमीटर. पिकाला 400 मिलिमीटर सिंचन लागणार असेल तर हेक्टरी 4,000 घनमीटर, म्हणजे हे पाणी 100 हेक्टरला पुरेल. टक्का 1 निघाला तर 50, 3 निघाला तर 150. पिण्याचं पाणी आणि ओढ्याकडे जाणारा पाझर यातून आधीच वजा व्हायला हवा. गावापुढे नुसता '100' ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं. हा सगळा पल्ला सांगायलाच हवा.

हा टक्का पुस्तकातून उचलण्यापेक्षा कोरड्या हंगामात तपासावा: एकूण उपशाला क्षेत्रफळ आणि पातळीतली घट यांच्या गुणाकाराने भागायचं. बाहेरून येणारा-जाणारा पाझर नगण्य असेल तिथेच हे जमतं. उपसा काढायला 200 लिटरचा पिंप पुरतो. तो 40 सेकंदांत भरला तर तासाला 18 घनमीटर; त्याला पंपाच्या तासांनी गुणलं की उपसा. पाणी खोल जाईल तसा पंपाचा प्रवाह घटतो, म्हणून ही मोजणी दर महिन्याला हवी.

निष्कर्ष बियाणं घेण्याआधी गावात पोचले पाहिजेत. वर्षभराने आलेल्या सुबक अहवालापेक्षा वेळेवर लावलेला साधा तक्ता कितीतरी मोलाचा. मात्र त्या तक्त्यावर शेतकऱ्यांची नावं आणि प्रत्येकाचा उपसा लिहू नका. बेरीज पुरेशी असते. नावं झळकली की पुढच्या हंगामात पंपाचे तास कमी करून सांगितले जातात आणि वर काढलेला टक्काही खोटा ठरतो.